मेंदूची नक्कल करणारी एआय आणि आपण: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी विचारतात, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सचिव विचारतात, आणि पालक तर सगळ्यात जास्त. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. त्यांच्यामागे माझी एकच धारणा आहे, ती आधीच सांगते: यंत्र मेंदूच्या कितीही जवळ गेलं तरी त्याच्या वागण्याचा जाब माणसानेच द्यायला हवा. 'ते आपोआप शिकतं हो' असं म्हणून कोणी अंग काढून घेत असेल, तर आपण तिथेच अडून बसलं पाहिजे.

मेंदूपासून प्रेरणा घेतलेली एआय म्हणजे मोबाइलवरचा चॅटबॉटच ना?

तोही त्यात येतो, पण हे कुटुंब बरंच मोठं आहे. १९४३ साली वॉरन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं, म्हणजे न्यूरॉनचं, गणिती रूप मांडलं: आत येणारे संकेत मोजायचे, ठरलेली पातळी ओलांडली की पुढे संकेत सोडायचा, नाहीतर गप्प राहायचं. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी उदाहरणांवरून शिकणारा 'पर्सेप्ट्रॉन' मांडला. ह्यूबेल आणि वीझेल या मज्जाशास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूत दृष्टीचं काम कसं चालतं ते शोधलं होतं. त्या धर्तीवर जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये आकृत्या ओळखणारं जाळं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अशा कृत्रिम न्यूरॉनची रचना, बांधलं. आजचे चॅटबॉट आणि चेहरा ओळखणारे कॅमेरे याच वंशातले. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं ते या जाळ्यांचा पाया घातल्याबद्दल.

दुसरी शाखा चिपची. नेहमीच्या संगणकात हिशेब एकीकडे होतो आणि माहिती दुसरीकडे साठते, आणि दोन्हींमधल्या ने-आणीतच पुष्कळ वीज खर्ची पडते. मेंदूत असं वेगळं कोठार नसतं. हा गुण सिलिकॉनमध्ये उतरवण्याचं काम अमेरिकेतल्या कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेत कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. अशा चिपना न्यूरोमॉर्फिक म्हणतात. आयबीएमची ट्रूनॉर्थ (२०१४) आणि इंटेलची लोइही (२०१७) या त्यातल्या गाजलेल्या. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२४ मध्ये रेणूंच्या एका पातळ थरात १६,५०० वेगवेगळ्या अवस्था साठवून दाखवल्या. साध्या डिजिटल घटकात दोनच असतात.

तिसऱ्या शाखेत मेंदूतले संकेत वाचणारी किंवा मेंदूत संकेत सोडणारी यंत्रं येतात. चौथीत तर सिलिकॉनच्या जोडीला जिवंत मज्जापेशी वापरतात. चारही शाखांचे नैतिक प्रश्न वेगळे आहेत, ते सरमिसळ न करता पाहायला हवेत.

मग ती आपल्यासारखा विचार करते का?

नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात आणि एकेकाच्या हजारो जोडण्या असतात. कृत्रिम जाळ्यातला 'न्यूरॉन' म्हणजे गुणाकार-बेरजेची एक पायरी. शेवटी आलेली चूक उलट्या दिशेने प्रत्येक जोडणीपर्यंत पोचवून ती जोडणी सुधारायची, अशी आजच्या जाळ्यांची शिकण्याची रीत आहे. मेंदूत असं काही घडत असेल हे पटण्यासारखं नाही, असा आक्षेप शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ सालीच 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात घेतला होता. सी. एलिगन्स नावाच्या चिमुकल्या कृमीला अवघे ३०२ न्यूरॉन असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी त्या कृमीचं सगळं वागणं नुसत्या नकाशावरून अजून सांगता येत नाही. प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार न्यूरॉनचा, पूर्ण नकाशा यायला २०२४ उजाडलं.

मोठाले दावे मात्र पहिल्या दिवसापासून होत आले आहेत. १९५८ मध्ये पर्सेप्ट्रॉनची बातमी देताना न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं होतं, की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, पाहील, लिहील, स्वतःसारखी यंत्रं तयार करेल आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही असेल, अशी अमेरिकी नौदलाची अपेक्षा आहे. म्हणून कोणी 'मेंदूसारखं' म्हटलं की 'कोणत्या बाबतीत?' असं विचारायची सवय मी विद्यार्थ्यांना लावते. वीज कमी लागते म्हणून, रचना तशी आहे म्हणून, की शिकण्याची रीत तशी आहे म्हणून? नेमकं उत्तर आलं नाही तर ती जाहिरात आहे असं समजावं.

'यंत्र स्वतःच शिकलं, त्याला आम्ही काय करणार?' असं कंपनी म्हणू शकते का?

या सगळ्या विषयाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आजची बहुतेक एआय आधी शिकते आणि मग वापरात येते. वापर सुरू झाला की तिच्या जोडण्या गोठलेल्या असतात. नवी आवृत्ती येईपर्यंत त्या बदलत नाहीत. मेंदूचं तसं नाही, तो वापरता वापरताच बदलत जातो. न्यूरोमॉर्फिक चिपचं मोठं आकर्षण हेच, की तिला चालू असतानाच, तिथल्या तिथे शिकता येतं. लोइहीमध्ये तशी सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

आता समजा, ठाण्यातल्या एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असं यंत्र बसवलं. प्रत्येक रुग्णाच्या नाडीची, श्वासाची नेहमीची लय ते शिकतं आणि काही वेगळं दिसलं की नर्सला सूचना देतं. एकाच खोक्यातून आलेली दोन यंत्रं सहा महिन्यांनी वेगवेगळी वागू लागतील, कारण त्यांनी पाहिलेले रुग्ण वेगळे. कारखान्यात ज्या यंत्राची चाचणी झाली होती ते यंत्र आता उरलेलंच नाही. शिवाय नवं शिकताना जुनं एकदम विसरून जायची खोड कृत्रिम जाळ्यांना आहे. मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी ती १९८९ मध्ये दाखवून दिली, आणि आजही तिच्यावर पक्का इलाज सापडलेला नाही. रात्री दोन वाजता यायला हवी ती सूचना आली नाही आणि रुग्ण दगावला, तर जाब कोणाला विचारायचा?

अशा वेळी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. खापर सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसावर, रात्रपाळीच्या नर्सवर फुटतं. ज्याने यंत्राचा नियम ठरवला तो बेंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात झोपलेला असतो. नर्सला ना यंत्र उघडून बघता येतं, ना त्याचं ऐकायचं नाही असं ठरवता येतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ इथे काही अंशी कामाला येतो. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीसाठी उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांना त्याखाली जबाबदार धरता येतं. विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि हानीला मुख्यतः तो फेरफार कारणीभूत ठरला तर तो जबाबदार, असंही त्यात म्हटलं आहे. पण फेरफार वस्तूनेच स्वतःत केला असेल तर? त्याचं सरळ उत्तर त्या शब्दांत मिळत नाही.

माझं मत असं: शिकण्याची मुभा ज्याने दिली आणि तिच्यातून नफा कमावला, त्याच्याच पदरात त्या शिकण्याचे परिणामही पडावेत. रुग्णालयांनी अशी खरेदी करताना करारातच लिहून घ्यावं, की शिकणं बंद करायची सोय असेल, झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील आणि गरज पडली तर यंत्र आधीच्या अवस्थेला परत नेता येईल. हे मान्य नसेल तर ते यंत्र, कितीही हुशार असलं तरी, रुग्णाच्या खाटेशेजारी नको.

बाबांना पार्किन्सन आहे. मेंदूत बसवायच्या 'स्वतः जुळवून घेणाऱ्या' यंत्राची भीती वाटते. काय करावं?

वैद्यकीय निर्णय मज्जाविकारतज्ज्ञांशी बोलूनच घ्या. मेंदूत खोलवर बारीक तार सोडून विजेचे संकेत देण्याचा उपचार जुना आहे. अमेरिकेत पार्किन्सनसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि भारतातही तो बऱ्याच वर्षांपासून होतो. नवीन आहे ते एवढंच, की यंत्र मेंदूतले संकेत ऐकून स्वतःचा जोर कमी-जास्त करतं. अशा यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये परवानगी मिळाली.

घरच्यांनी डॉक्टरांना तीन-चार गोष्टी विचाराव्यात. मेंदूतल्या संकेतांची नोंद कुठे साठते आणि ती कोण बघतं? आपोआप जुळवून घेणं बंद करून डॉक्टरांच्या हाती सूत्रं ठेवता येतात का? आणि कंपनीच बंद पडली तर? हा शेवटचा प्रश्न हवेतला नाही. डोळ्यात बसवायचं आर्गस-२ नावाचं यंत्र जगभरात साडेतीनशेहून अधिक दृष्टिहीनांनी बसवून घेतलं होतं. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली, तिने ते उत्पादन सोडून दिलं आणि या माणसांच्या डोळ्यांतली यंत्रं कोणाच्याही देखभालीविना राहिली.

अशा उपचारानंतर काही रुग्णांच्या मनःस्थितीत किंवा स्वभावात फरक पडल्याच्या नोंदी आहेत. घरातल्या माणसांना तो डॉक्टरांच्या आधी दिसतो, म्हणून लक्ष ठेवा आणि सांगायला संकोच करू नका. निर्णय मात्र बाबांचा. मुलांनी पैसे भरले म्हणून बाबांच्या 'हो'ची जागा मुलांचं 'हो' घेऊ शकत नाही.

ही यंत्रं मनातलं वाचू शकतात का? पोलिसांनी वापरली तर?

दुरून, नकळत, मनातलं सगळं वाचणारं यंत्र आज नाही. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत मांडून दाखवला. पण त्यासाठी त्या माणसाला सोळा तास स्कॅनरमध्ये पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकावर शिकवलेलं दुसऱ्यावर चाललं नाही, आणि माणसाने मुद्दाम दुसरंच काही मनात आणलं की यंत्र फसलं.

मला यापेक्षा मोठा धोका वाटतो तो अर्धवट यंत्रावर पूर्ण विश्वास टाकण्याचा. महाराष्ट्राने तो पाहिला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत संकेतांच्या चाचणीचाही आधार घेतला. त्या चाचणीच्या शास्त्रीय पायाबद्दल देशा-परदेशातल्या मज्जाशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. पुढे ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या संकेतांची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याचं कलम २०(३) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१ हे त्याचे आधार. स्वखुशीने दिलेल्या चाचणीचा निकालसुद्धा स्वतःहून पुरावा ठरत नाही, असंही न्यायालयाने सांगितलं. 'मेंदूचे हक्क' हा शब्दप्रयोग जगात रुळायच्या आधी आपल्या न्यायालयाने हे म्हणून ठेवलं याचा मला अभिमान वाटतो.

चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या व्यवहारांना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेडबँड विकणाऱ्या एका कंपनीला एका माजी सिनेटरची मेंदूविषयक माहिती पुसून टाकायला लावली. आपल्या डेटा कायद्यात मेंदूच्या माहितीला असं वेगळं स्थान नाही. ते असावं, असं मला ठामपणे वाटतं.

मुलीच्या क्लासमध्ये 'एकाग्रता मोजणारा' हेडबँड लावणार आहेत. परवानगी द्यावी का?

देऊ नका.

कपाळावरच्या दोन-चार इलेक्ट्रोडना मिळणारे संकेत पापण्यांची उघडझाप आणि कपाळाचे स्नायू यांनीही सहज बिघडतात. त्यातून निघालेला आकडा मुलीच्या मनाबद्दल फार थोडं सांगतो, पण भिंतीवर किंवा पालकांच्या मोबाइलवर झळकला की तो खराच मानला जातो. २०१९ मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना असे पट्टे लावून एकाग्रतेचे आकडे शिक्षकांना आणि पालकांना दिले जात होते. ती चित्रं बाहेर येताच लोक संतापले आणि तो वापर थांबवावा लागला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळेत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून, बंदी घातली आहे. एकाग्रता आणि भावना एकच नव्हेत, पण जग कोणत्या दिशेने विचार करतंय ते यावरून कळतं.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे; या तरतुदी २०२७ च्या मे महिन्यात लागू होतील. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी या मनाईतून सवलत दिली आहे. ही सवलत मला फार सैल वाटते. तिचा आधार घेऊन उद्या कोणीही डोक्याला पट्टा बांधणं हे 'शैक्षणिक काम' ठरवेल. वर्गात बसल्या बसल्या मुलीचं मन खिडकीबाहेर गेलं, तर ती तिची खासगी बाब आहे. तिथे शिक्षकांनाही आत जायचा हक्क नाही आणि आई-बाबांनाही नाही.

सोसायटीत 'फक्त हालचाल टिपणारे, चेहरा न टिपणारे' कॅमेरे सुचवलेत. मग खासगीपणाचा प्रश्नच मिटला ना?

मिटत नाही. हे कॅमेरे डोळ्याच्या पडद्याच्या धर्तीवर चालतात. जिथे उजेडात बदल होतो तेवढ्याच बिंदूची नोंद होते. नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा माहिती कमी साठते हे खरं. पण अशा नोंदींवरून एआयच्या मदतीने बऱ्यापैकी स्पष्ट चित्र परत उभं करता येतं, हे २०१९ पर्यंत दाखवून झालेलं आहे. म्हणून नियम नेहमीच्या कॅमेऱ्याचेच लावा: सर्वसाधारण सभेत ठराव, नोंदी किती दिवस ठेवणार ते लिखित, आणि कोण बघणार त्याची नावं. आणखी एक आग्रह. या कॅमेऱ्यांसमोर सगळ्यात जास्त वेळ असतात ते वॉचमनदादा आणि घरकाम करणाऱ्या ताई, आणि त्यांना सभेला कोणी बोलावत नाही. ठरावाआधी त्यांच्याशी बोला.

ऐरोली-महापेतली डेटा सेंटर बघता, कमी विजेत चालणारी मेंदूसारखी चिप बनवणं हेच नैतिक उत्तर नाही का?

उत्तराचा एक भाग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलात तर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती दिसतात. आत चोवीस तास सर्व्हर आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा, सोबतीला वीज गेली तर लागणारे डिझेल जनरेटर. रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, जिचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटरांनी वापरली. माणसाचा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो. त्यामुळे मेंदूकडून शिकावं असं वाटणं अगदी रास्त आहे.

पण दाव्यांचा हिशेब करून बघू. ट्रूनॉर्थमध्ये १० लाख कृत्रिम न्यूरॉन होते आणि ती सुमारे ७० मिलिवॉटवर चालली. छोट्या, नेमून दिलेल्या कामासाठी हे उत्तमच. इंटेलच्या २०२४ च्या हाला पॉइंट यंत्रणेत ११५ कोटी न्यूरॉन आहेत आणि ती जास्तीत जास्त २,६०० वॅट घेते. म्हणजे न्यूरॉन मेंदूच्या पंचाहत्तराव्या हिश्शाइतके, तेही फार साधे, आणि वीज १३० पट. मजल बरीच लांबची आहे.

आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलून दाखवतात. सतत बघणारं, सतत ऐकणारं यंत्र आज महाग आणि वीजखाऊ आहे, म्हणून ते मोजक्या जागी आहे. ही अडचण आपल्या खासगीपणाची नकळत राखण करते. एका छोट्या बॅटरीवर वर्षभर ऐकत राहणारी चिप आली, की ती दाराच्या बेलमध्ये असेल, रिक्षाच्या मीटरमध्ये असेल, खेळण्यातही असेल. कमी वीज हा गुण आहेच. पण वीज वाचली म्हणून पाळतीची परवानगी मिळाली, असं होता कामा नये.

जिवंत पेशींचे संगणक खरंच आहेत? त्या पेशी येतात कुठून?

आहेत. मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्सने २०२२ मध्ये मानवी मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात) आणि उंदरापासून मिळवलेल्या सुमारे ८ लाख मज्जापेशी इलेक्ट्रोडच्या जाळीवर वाढवल्या आणि त्यांना 'पाँग' हा जुना व्हिडिओ खेळ खेळायला लावला. २०२५ मध्ये या कंपनीने जिवंत पेशींवर चालणारं यंत्र विक्रीलाही आणलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये मेंदूच्या पेशींचे छोटे गोळे वाढवून त्यांच्याकडून संगणन करून घेण्याचा सविस्तर आराखडा मांडला.

मानवी पेशी कोणातरी माणसाच्याच असतात. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी मूलपेशींच्या अवस्थेला परत नेऊन त्यांच्यापासून मज्जापेशी घडवता येतात. याच जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनाला दिल्या गेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीने तिच्या कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ मध्ये, बहात्तर वर्षांनी.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यांत माहितीपूर्ण संमती अनिवार्य आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रात किंवा कुठल्याही रुग्णालयात नमुना देताना संमतीपत्र मराठीत मागा आणि 'भविष्यातील संशोधनासाठी' ही ओळ वाचा. कर्करोगावरच्या संशोधनाला बहुतेक माणसं आनंदाने 'हो' म्हणतील, मीही म्हणेन. पण माझ्या पेशींपासून मज्जापेशी घडवून त्यांच्याकडून हिशेब करून घेणार असाल, तर ते मला वेगळं विचारा. त्यासाठी संमतीपत्रात स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र सही असायला हवी.

यंत्राला वेदना होऊ शकतील का?

आजच्या चॅटबॉटना होत असतील असं मानायला सबळ आधार नाही. २०२३ मध्ये तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाणिवेच्या प्रचलित सिद्धांतांवरून निकष काढले आणि तेव्हाच्या प्रणाली तपासल्या. एकही ठोस दावेदार सापडली नाही. मात्र सिद्धांतांमध्येच एकमत नाही. मज्जाशास्त्रज्ञ जूलियो टोनोनी यांच्या सिद्धांतानुसार प्रोग्रॅम काय करतो याला महत्त्व नाही, यंत्राची प्रत्यक्ष जोडणी कशी आहे याला आहे. तसं असेल तर साध्या संगणकावर निर्जीव असलेली गोष्ट मेंदूसारख्या जोडलेल्या चिपवर तशी राहीलच असं नाही. तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी २०२१ मध्ये मागणी केली, की जाणीव असलेली यंत्रं निर्माण करण्याच्या दिशेचं संशोधन २०५० पर्यंत थांबवावं.

मी इतक्या पुढे जात नाही. पण जिवंत पेशींच्या बाबतीत आत्ताच मर्यादा हव्यात असं मला वाटतं. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये यासाठी आपण १९६० मध्ये कायदा केला. ताटलीतल्या मानवी पेशींसाठी तशी चौकट कुठे आहे?

आई एकटी असते आणि रात्री चॅटबॉटशी बोलत बसते. थांबवू का?

हिसकावून घेऊ नका. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलिझा नावाचा अगदी साधा संवाद-प्रोग्रॅम लिहिला, तेव्हाही लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले होते, आणि त्यामुळे वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले होते. बोलायची भूक खरी असते.

त्या भुकेवर पैसा कोण कमावतं ते मात्र ओळखायला हवं. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की मेंदूत डोपामिन या रसायनाचा संकेत वाढतो आणि सवय पक्की होते. यंत्रांना बक्षिसातून शिकवण्याचं गणित आणि हा संकेत यांची जुळणी शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवली. ज्या नियमाने यंत्र शिकतं, जवळपास त्याच नियमाने आपल्याला यंत्राची सवय लागते. हे माहीत असूनही माणूस जास्तीत जास्त वेळ अडकून राहावा असं उत्पादन बनवणं मला अनैतिक वाटतं.

मनाच्या आरोग्याबद्दल उघड बोलण्याची ठाण्याला चांगली परंपरा आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. आईला त्या क्रमांकाबद्दल सांगा. आणि रात्री जेवण झाल्यावर तुम्ही स्वतः तिला फोन करा.

मुलाला याच क्षेत्रात जायचंय. पण ही विद्या युद्धासाठीच आहे म्हणतात, खरं का?

युद्धासाठीही आहे. ट्रूनॉर्थ अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डार्पाच्या, पैशातून उभी राहिली. हाला पॉइंट अमेरिकेतल्या ज्या सँडिया प्रयोगशाळेत आहे तिथे अण्वस्त्रांशी संबंधित काम चालतं. त्याच विद्येतून कृत्रिम हाताला स्पर्शाची जाण देण्याचे आणि श्रवणयंत्रं सुधारण्याचे प्रयत्नही होतात. मुलाला अडवू नका. पहिल्या मुलाखतीत पगाराइतक्याच सहजपणे 'हे कोण विकत घेणार आहे?' असं विचारायचं, एवढं त्याला शिकवा.

तक्रार कुठे करायची?

यंत्र किंवा सेवा सदोष असेल तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घेतलं तर कागद कोणते लागतील ते कळतं. माहितीच्या गैरवापरासाठी नव्या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ आहे, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू होतील. तोवर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. संमतीपत्राची प्रत, खरेदीची पावती, आणि विक्रेत्याने 'मेंदूसारखं', 'शंभर टक्के अचूक' असं ज्यात छापलं होतं ते माहितीपत्रक जपून ठेवा. उत्पादकाने दिलेली लेखी हमी खोटी ठरली, तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही तो ग्राहक कायद्याखाली जबाबदार धरला जाऊ शकतो.